चार कोपऱ्यांची हळद

त्या वर्षी माझं काम एकच होतं. बंद गाडीत मागच्या सीटवर बसायचं, मान वर करायची आणि पाणी कुठून येतंय ते सांगायचं. अप्पा बाहेर स्टुलावर उभे राहून गाडीच्या टपावर तांब्यातांब्यानं पाणी ओतायचे आणि विचारायचे, "आलं का गे, जने?" मी म्हणायची, "आलं." "कुठनं?" "डावीकडनं." मग स्टूल सरकवल्याचा आवाज, बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज, आणि पुन्हा, "आता?" "आता उजवीकडनंपण." ते काम मला आवडत होतं असं नाही, आणि नावडतही नव्हतं. सतरा-अठराची होते मी. त्या वयाच्या पोरीला काहीतरी आवडावं की नाही? पण घरात कोणालाच काही आवडत नव्हतं आणि कोणालाच काही खटकत नव्हतं. थेंब कपाळावर पडला तरी मी पुसायची नाही. पडला, एवढंच कळायचं.

आम्ही कुंभकोणमचे मराठी शिंपी. कुठला तरी खापरपणजोबा मराठी राजांच्या मागोमाग कापडं शिवत इकडे आला आणि राहिला, याहून जास्त आम्हाला कोणी सांगितलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा शेजारच्या बायका माझं बोलणं ऐकायला मुद्दाम वाटी-दोन वाट्या साखर मागायला येत. "तुम्ही अगदी जुन्या कागदपत्रातल्यासारखं बोलता हो," म्हणत. मी म्हणायची, "बरं बाई, कागद फाटेपर्यंत ऐका." आता चाळीसहून जास्त वर्षं पुण्यात काढून माझी जीभ इकडची झाली आहे. पण अम्मा-अप्पा काय बोलले ते आठवायचं तर मला तिकडच्याच बोलीत आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

अप्पांनी शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत ठेवलं होतं, पण पोट भरत होती ती गाडी. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला कोटबूट चढवून, गळ्यात जाडजूड हार घालून, उघड्या गाडीतून गावभर मिरवतात. पुढे नादस्वरम्, दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं, आणि मध्ये घामानं निथळणारा नवरा. याला जानवासम् म्हणतात. अप्पांकडे होती ती चांगली लांबरुंद, जुनी, पण बंद टपाची गाडी. तिला लग्नात कोण विचारणार? वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना स्टेशनवरून आणायला फार तर. तर माझ्या भावानं, विठूअण्णानं, एक दिवस खडूनं टपावर चौकोन आखला आणि म्हणाला, "अप्पा, येवढं कापतो."

अप्पा म्हणाले, "डोचकं कापशील काय तिचं?"

"झाकण करतो. लग्नात काढाचं, पावसात घालाचं."

अण्णाचं असंच असे. हातात करवत आल्यावर मग विचारायचा. मागच्या सीटवरचा पत्रा त्यानं कापला, त्या पत्र्याला कडा वळवून झाकण केलं, चार फिरकीचे स्क्रू बसवले. भोकाच्या कडेनं आतल्या बाजूला त्यानं चारी बाजूंनी एक अरुंद पन्हळ ठोकली होती आणि पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार पितळी वाट्या बसवल्या होत्या, सुपारीएवढ्या. नाचियार्कोविलला समया ओतणारा त्याचा एक मित्र होता, त्याच्याकडून करवून आणल्या होत्या. समईच्या तोंडासारखं नाजूक काम, काठाला पाकळ्या. त्या ऊन लागून अशा चमकत होत्या की अम्मा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय रे, विठू? हे कशाला?"

अण्णा स्क्रू तोंडात धरून होता. तो काढून म्हणाला, "तुझ्या हळदीला, अम्मा. तू चार कोपऱ्यांला हळद लावल्याशिवाय काय सोडणार हैस?"

ते खरंच होतं. आमची अम्मा नव्या कपड्याच्या चार कोपऱ्यांना हळद लावे, लग्नपत्रिकेच्या चार कोपऱ्यांना लावे, रेशनकार्डालासुद्धा लावली होती. त्या शुक्रवारी तिनं न्हाऊन, हळद-चंदन कालवून, स्टुलावर चढून त्या चारही वाट्या बोटानं दाबून भरल्या. अण्णा खाली उभा राहून "वा वा" करत होता. त्यानंतर दर शुक्रवारी, अप्पा कावेरीवर आंघोळीला गेले की ती तेच करायची. गाडी मागच्या शेडमध्ये झाकण काढूनच उभी असे, झाकण भिंतीला टेकवलेलं. आणि गाडी गावात गाजली. पट्टीश्वरमपासून माणसं विचारत यायची. अण्णा स्वतः चालवायचा, आणि नवऱ्यापेक्षा जास्त हात तोच हलवायचा. पोरी बघत की नाही माहीत नाही, तो मात्र बघतात असं धरून चालायचा.

मग त्याला कावीळ झाली. मी ते लिहीत नाही. सगळ्यांच्या घरी असं काहीतरी असतं, आणि सगळ्यांना माहीत असतं की त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. उसाचा रस, झाडपाला, मग सरकारी दवाखाना, मग घरी आणला. अप्पा बाहेर पाटावर बसून राहिले, आणि कोणीतरी त्यांच्या हातात कॉफीचा पेला दिला, तो त्यांनी संध्याकाळपर्यंत तसाच धरून ठेवला.

सुतकात आमच्याकडे फोडणी घालत नाहीत. जेवण उकडलेलं, पांढरं, मुकं. सुतक संपलं, तेरावा झाला, पाव्हणे गेले, पण अम्मानं फोडणी घातली नाही. ठरवून घातली नाही असं नाही. मोहरीचा डबा खाली यायचाच राहिला. वरण नुसतंच वरण, आमसुलाचं सार नुसतंच आंबट पाणी. आम्ही जेवायचो. अप्पांना आधी सांबारात मेथीचा दाणा जास्त झाला तरी कळायचं, ते आता पुढ्यात येईल ते खाऊन ताट धुऊन ठेवायचे. मला आठवतं, आमच्या घराचा सकाळचा आवाजच तेल तापून मोहरी तडतडण्याचा होता, तो नव्हता, आणि तो नाही हेही आम्हाला कळत नव्हतं. रडणं तर कधीच आटलं होतं. गल्लीतल्या बायका म्हणत, पोरगी रडली नाही गं भावासाठी. नाही रडले. येत नव्हतं तर काय करू?

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, आमच्याकडे पाऊस धरतो तो धरतोच. त्यातच एक लग्न घेतलं होतं अप्पांनी. संध्याकाळी भुरभुर सुरू झाली म्हणून झाकण घातलं, वरात निघाली. देवळापासून कार्यालयापर्यंतचा रस्ता अर्धा झाला असेल, आणि नवऱ्या मुलाच्या डोक्यावर पाणी ठिबकायला लागलं. आधी कोटाच्या कॉलरवर, मग बरोबर कपाळावर. गंध ओघळून नाकावर आलं. पोरगा बिचारा हसत होता, पण त्याच्या आत्यानं गाडी थांबवायला लावली आणि भर रस्त्यात तोंड सोडलं. मेलेल्या पोराच्या हातची गाडी, अशुभ पाणी, तुम्हाला लाज कशी वाटली नाही. नवरा उतरला आणि छत्री धरून चालत कार्यालयात गेला. नादस्वरम् वाजवणाऱ्यांना काय करावं कळेना, तर ते रिकाम्या गाडीपुढे थोडं अंतर वाजवतच राहिले. अप्पांनी हे घरी येऊन सांगितलं, शर्टाची बटणं काढता काढता, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं.

तिथून पुढे ते पाणी शोधणं सुरू झालं. अप्पा शिंपी. त्यांच्या लेखी सगळ्या जगाला शिवण असते आणि गळतं ते शिवणीतून. "टीप उसवलीय कुठं तरी," म्हणायचे. झाकणाची रबरी पट्टी काढून नवी लावली. पाणी आलं. पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचे काप चिकटवले. पाणी आलं. मेण ओतलं, लांबी भरली, शेवटी रस्त्याचं डांबर आणून कडेनं फासलं, आणि पाणी आलंच. उलट आधी एका जागेहून येत होतं ते आता चहूकडून यायला लागलं. पन्हळ काठोकाठ भरायची आणि मग सीटवर धार. कोपऱ्यांतल्या त्या वाट्यांना मात्र अप्पांनी कधी हात लावला नाही. त्या शोभेच्या, पोरानं हौसेनं बसवलेल्या, आत काहीतरी पिवळं कडक भरलेलं, तेही त्यानंच भरलेलं असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी आत बसून वर बघायची. "आलं." "आलं." "आलं."

एक दिवस त्यांनी तांब्या बादलीत टाकला आणि म्हणाले, "चुकलं पोराचं. कापाला येत होतं, जोडाला येत नव्हतं." ते अगदी सावकाश म्हणाले. अण्णाबद्दल त्यांनी त्या महिन्यांत काढलेला हा पहिला शब्द, आणि तो असा. मला आत बसल्या बसल्या राग येऊ लागला असावा. पण तोही वरपर्यंत आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते चोळपुरमच्या वेल्डरला सांगून आले. झाकण कायमचं वेल्ड करायचं. पाणी संपलं, जानवासम् संपलं, गाडी स्टेशनवर उभी करायची. जेवताना त्यांनी अम्माला सांगितलं. अम्मा भात वाढत होती. तिचा हात थांबला. "विठूनं केलेलं ते," ती म्हणाली.

"गळतंय ते."

"माझ्या पोराचं काम गळत नाही."

"मग नवऱ्या पोराच्या डोचक्यावर काय मी ओतलं?"

अम्मानं ताकाचं भांडं पुढं ओढलं. ताक वाढून झाल्यावर म्हणाली, "शुक्रवार होऊं दे. मग काय ते करा." अप्पांनी मान हलवली. शुक्रवार का, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी कावेरीला इतकं पाणी होतं की घाटाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, म्हणून अप्पा घरीच विहिरीवर न्हाले. मी शेड झाडत होते. अम्मा ओल्या केसांनी आली, हातात हळदीची वाटी. स्टूल ओढलं, चढली, आणि पहिल्या कोपऱ्यात बोट दाबलं. अप्पा टॉवेल खांद्यावर टाकून मागून आले.

"काय करतीस?"

"हळद लावते."

"तिथं?"

"मग कुठं? हळदीलाच केल्यात त्यानं. त्यानंच सांगितलेलं मला. दर शुक्रवारी लावते." चारही कोपरे भरून ती खाली उतरली, स्टूल जागेवर ठेवलं आणि आत गेली.

अप्पा तिथेच उभे राहिले. मग, वेल्डर येण्याआधी गाडी रिकामी करायची म्हणून, पुढचा कप्पा उघडून आतलं एकेक काढून माझ्या हातात द्यायला लागले. फडकं. उदबत्तीचा पुडा. कोण्या लग्नातला सुकलेला हार. आणि सायकलचा एक स्पोक, टोकाला बारीक आकडा केलेला. आकड्याला पिवळं लागलं होतं. अप्पांनी तो नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं.

आणि मला अण्णा दिसला. शनिवारी सकाळी अप्पा पेरुमाळाच्या देवळात जात तेव्हा तो गाडी धुवायचा. टपावर आडवा पडून, पाय खाली लोंबकळत, शीळ घालत, कोपऱ्यात काहीतरी टोकरत बसायचा. मी विचारलं होतं काय करतोस, तर म्हणाला होता, "अम्माचा प्रसाद काढतो." मी ते तिथेच सोडून दिलं होतं. आता मी ते अप्पांना सांगितलं. एवढं बोलायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे मध्येच आवाज बसला.

अप्पा स्टुलावर चढले. वरची ओली हळद निघाली, खाली जुनी, थरावर थर, दगड झालेली. स्पोक वाकला, तो सरळ करून पुन्हा घातला. बराच वेळ टोकरत होते. एकाएकी स्पोक आरपार गेला, वितीहून जास्त आत. वाटीच्या बुडाला भोक होतं. भोकातून खाली रबरी नळी, गाडीच्या खांबातून उतरून चाकापाशी बाहेर. चारही कोपऱ्यांत तसंच. झाकणातून थोडं पाणी आत येणारच हे अण्णानं धरूनच ठेवलं होतं, आणि आलेल्या पाण्याला जायला वाट करून ठेवली होती.

"पाणी आण," अप्पा म्हणाले.

झाकण घातलं. मी आत जाऊन बसले. अप्पांनी तांब्या नाही, सबंध बादली ओतली. "आलं का गे?"

"नाही."

पुन्हा बादली. "आता?"

"नाही, अप्पा."

मी दारातून वाकून पाहिलं. चारही चाकांपाशी बारीक धारा लागल्या होत्या, आणि शेडच्या मातीतून एकत्र होऊन उतारानं चालल्या होत्या. अप्पांना त्या दिसत होत्या, तरी ते ओततच होते. विहिरीवर जायचे, भरून आणायचे, ओतायचे, विचारायचे. मी नाही म्हणत होते. मग विचारणं थांबलं. मी उतरून पाहिलं तर ते स्टुलावरच बसले होते, ओलेचिंब, आणि स्पोकशी बोलावं तसं म्हणत होते, "बरोबर केलेलं रे तू. विठू, बरोबर केलेलं."

वेल्डर आला त्याला अप्पांनी कॉफी पाजून परत पाठवलं. अम्माला एवढंच म्हणाले, "वेल्डिंग नक्को. पोराचं काम बरोबर हाय." अम्मा म्हणाली, "मी काय सांगत होते मग?" आणि मला अंगणात गाठून अप्पांनी हळूच सांगितलं, "हळदीचं तिला बोलू नक्को. लावू दे तिला. मी काढतो."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी केस विंचरत होते आणि स्वयंपाकघरातून मोहरी तडतडली. मी फणी हातात धरून ऐकत राहिले. मग हिंगाचा वास आला, मग कढीपत्ता पडल्याचा तो चरचराट. त्या सकाळी मी तीनदा सांबार-भात घेतला. का घेतला ते मला कळलं नाही, भूक लागली होती इतकंच.

त्यापुढे कितीतरी वर्षं हे चाललं. शुक्रवारी अम्मा हळद भरायची, शनिवारी अप्पा देवळातून आले की काढायचे. गाडीत पुन्हा नवरे बसले. तोंड सोडणाऱ्या त्या आत्याच्याच घरचा एक बसला. मी लग्न होऊन पुण्याला आले. अप्पांना स्टुलावर चढवेना तेव्हा त्यांनी गाडी विकली. ते गेल्यावर मशीनच्या खणात मला तो स्पोक सापडला, खडू आणि बॉबिनांमध्ये, आणि मी तो माझ्या हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवून दिला. आता लेकीच्या गाडीला काचेचं छप्पर आहे, बटण दाबलं की सरकतं. ती मला हौसेनं वर आभाळ दाखवते आणि मी कोपरे बघते.

अम्मा शेवटची काही वर्षं माझ्याकडेच होती. नजर मंदावली होती, बोटांना मात्र सगळं दिसायचं. एका दुपारी कुंकवासाठी डबा चाचपताना तिच्या हाताला स्पोक लागला. तिनं आकड्यावरून अंगठा फिरवला.

"हे हिकडं कुठनं आलं गे? विठूचं हे. हळद काढाचं."

मी हातातली भाजी खाली ठेवली. "तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसाला काय झालं? दर शनवारी काढत होता की मेला. मी खिडकीतून बघत होते. हसू येत होतं मला. काढली म्हणून मी शुक्रवारी अजून दाबून भरत होते."

"मग तो गेल्यावर कशाला भरत होतीस, अम्मा?"

ती अंगठ्यानं आकडा घासत राहिली. मग म्हणाली, "भरून ठिवलं तर काढाला येईल म्हणून. येत नाही हे काय मला कळत नव्हतं? तरी शनवारी जाऊन बघत होते. हळद तशीच. दर शनवारी तशीच. मग एका शनवारी बघितलं, चारी वाट्या लख्ख. रिकाम्या."

"अप्पांनी काढली होती."

"तुझे अप्पाच, दुसरं कोण? त्यांचा हात मला ओळखाला येत नाही काय, पितळेला चरा पाडून ठिवला होता. असू दे. कोणी तरी काढलं की नाही? मी आत आले आणि मोहरीचा डबा खाली काढला. तुला आठवत नसेल."

"आठवतं," मी म्हणाले. आणि मग भावासाठी, तो गेल्यानंतर इतक्या वर्षांनी, अम्माच्या मांडीवर डोकं ठेवून मी मोठ्यानं रडले. तिनं मला गप्प केलं नाही. एका हातात स्पोक होता, तो तिनं खाली ठेवला नाही, दुसऱ्या हातानं माझे केस मागे घेत राहिली.